साखर, पाळी आणि एक जुनी गोळी

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. मी सातवीपर्यंत शिकलेली, लेखनाचा सराव पत्रापुरताच. तरी एक विषय मनात घोळत आहे, तो मांडते.

माझे माहेर साताऱ्याचे, सासर सांगलीचे. तिकडे कंदी पेढे, इकडे गूळ. गोडाला दोन्ही घरी तोटा नाही. मुलगी असताना माझी पाळी तीन-तीन महिने येत नसे, हनुवटीवर केस येत. आई म्हणे, "लग्न झाले की होईल सुरळीत." तिला बिचारीला कोणी सांगितलेच नव्हते. गेल्या वर्षी माझ्या रक्तात साखर निघाली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ही जुनी हकीकत विचारून घेतली आणि दोहोंचा संबंध उलगडून सांगितला. मग भाचीला हाताशी धरून मी या विकाराचा इतिहास वाचून काढला.

सन 1935 मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांची पाळी थांबलेली, बीजकोशांवर बारीक गाठी. त्यावरूनच पुढे 'पीसीओएस' हे नाव पडले. पुढची कित्येक वर्षे हा केवळ मूल होण्या-न होण्याचा प्रश्न मानला गेला. 1980 मध्ये अमेरिकेतील संशोधकांना दिसले, की अशा स्त्रियांच्या रक्तात इन्सुलिन जास्त असते. शरीर इन्सुलिनचे ऐकत नाही, म्हणून स्वादुपिंड ते अधिकच तयार करते. त्या जास्तीच्या इन्सुलिनने बीजकोश पुरुषी रस वाढवतात. पाळी चुकते, केस येतात. स्वादुपिंड थकले, की मग साखर चढते.

आता गोळीची गोष्ट. युरोपात गॅलेगा नावाची वनस्पती पूर्वीपासून औषधात वापरत. तिच्यातील द्रव्याच्या जातीचेच मेटफॉर्मिन 1922 मध्ये डब्लिनला वर्नर आणि बेल यांनी तयार केले. पण इन्सुलिनचा शोध नुकताच लागला होता, त्या गाजावाजात ते मागे पडले. 1957 मध्ये पॅरिसच्या जाँ स्टेर्न यांनी ते मधुमेहाच्या रोग्यांना देऊन पाहिले. 1994 मध्ये व्हेनेझुएलातील डॉक्टरांनी पीसीओएस असलेल्या स्त्रियांना दिले, तेव्हा कित्येकींची पाळी परतली. त्याच सुमारास मी सातवीत होते!

ही गोळी मधुमेह टाळते का? 2002 मध्ये अमेरिकेत साखर थोडी वाढलेल्या लोकांवर पाहणी झाली. गोळीने धोका 31 टक्क्यांनी घटला, पण आहार आणि चालण्याने 58 टक्क्यांनी. 2006 मध्ये चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी आपल्या लोकांवर हेच पाहिले: आहार-व्यायामाने 28.5, गोळीने 26.4 टक्के, दोन्ही एकत्र केल्याने जास्त लाभ झाला नाही. म्हणजे पाटावर बसण्यापूर्वीच ताटाचा विचार केला, तर तेही औषधच.

"आमची मुलगी तर काडीसारखी, तिला कसली साखर?" असे कोणी म्हणेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. याज्ञिक यांनी 1993 पासून आसपासच्या खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे अभ्यासली. तिथली बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली 3.5 किलोची, पण वजन कमी असूनही आपल्या बाळांत चरबीचा वाटा टिकून होता. तेव्हा बारीक अंगावर विसंबू नये.

गोळी मनाने मात्र घेऊ नये. ती जेवणाबरोबर घ्यायची असते. पोट बिघडते, फार वर्षे घेतल्यास बी-12 जीवनसत्त्व कमी होते. पाळी सुरू होताच दिवस जाऊ शकतात, हेही नव्या सुनांना सांगावे.

माझी भाची आता एकोणीस वर्षांची आहे. तिचीही पाळी चुकते. घरात स्थळांची बोलणी चालू आहेत, आणि "आत्ताच दवाखान्यात कशाला? बभ्रा होईल," असे म्हणणारेही आहेत. मी तिला गेल्या महिन्यात साखरेच्या तपासणीला घेऊन गेले. मला जे पंचवीस वर्षांनी कळले, ते तिला आजच कळावे, एवढाच हेतू.

भगिनींनो, आपल्या लेकी-सुनांना पाळीविषयी विचारा, लाजू नका.