मिरजेचं इथेनॉल, महाबळेश्वरची हवा आणि कटरचा स्क्रू

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण पावसाळा तोंडावर आलाय, म्हणून आजच लिहितोय.

गेल्या वर्षी वळवाच्या पावसात आमच्या भागात भर रस्त्यात गुलमोहर आडवा झाला. खाली कुणी सापडलं नाही हे नशीब. एका सरकारी कार्यालयाची माणसं झाडं कापायचं कटर मशीन घेऊन आली. मशीन नावाजलेल्या कंपनीचं, जवळजवळ कोरं. दोरी ओढून ओढून पोरांचे खांदे गेले. कसंबसं सुरू झालं, तर रेस दिली की बंद. मागं रुग्णवाहिका अडकलेली. शेवटी वखारीतल्या एका पोरानं आपलं जुनं, रंग उडालेलं मशीन आणलं आणि अर्ध्या तासात रस्ता मोकळा केला.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मेकॅनिक काकांना विचारलं, "काका, नवं मशीन कसं काय फेल जातं?"

काका म्हणाले, "आरं, फेल न्हाई गेलं. गेल्या पावसाळ्यातलं पेट्रोल टाकीत तसंच. आन् कार्बोरेटर कारखान्यातनं आला तसाच. तिथली हवा येगळी, पेट्रोल येगळं, चालवणारा येगळा."

हवा, पेट्रोल, चालवणारा. या तीन शब्दांत आपल्या सातारा-सांगलीचा बराच इतिहास आहे. बघा कसा.

आधी मशीनबद्दल. जर्मनीत अँड्रियास श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवरचं आणि १९२९ मध्ये पेट्रोलवरचं कटर मशीन काढलं. तेव्हाच्या कार्बोरेटरला मोटरसायकलसारखा फ्लोट असायचा. मशीन आडवं केलं की पेट्रोलचा हिशोब बिघडायचा. पुढं १९५० च्या आगेमागे फ्लोटच्या जागी रबरी पडद्याचा कार्बोरेटर आला. मग मशीन कसंही धरा, चालू राहू लागलं. आज त्यावर बहुधा तीन स्क्रू असतात. एल म्हणजे हळू चालताना लागणारं पेट्रोल, एच म्हणजे पूर्ण रेसचं पेट्रोल आणि तिसरा आयडलिंगचा. एल-एच आत आवळले की पेट्रोल कमी, बाहेर सोडले की जास्त.

आता हवा. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, महाबळेश्वर १३७० मीटरच्या आसपास. वरची हवा खालच्यापेक्षा सुमारे आठ टक्के विरळ. हवा कमी, पेट्रोल जवळपास तेवढंच, म्हणून इंजिन धूर ओकतं, प्लग काळा पडतो. हे ज्ञान आपल्याकडं कटरबरोबर आलेलं नाही. १९७५ मध्ये बजाज आणि राज्य सरकारच्या महामंडळानं मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि साताऱ्यात 'प्रिया' स्कूटर बनू लागली. वाईहून पसरणी घाट चढणाऱ्या कार्बोरेटरच्या गाड्यांनी या भागातल्या मेकॅनिकांच्या दोन पिढ्या शिकवल्या. आवाज ऐकून स्क्रू किती फिरवायचा हे ते सांगायचे.

पण वर सेट केलेलं मशीन तसंच खाली आणलं तर उलटा धोका. खाली हवा दाट, आणि स्क्रू आवळलेला. पेट्रोल कमी पडतं. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलातूनच जातं, म्हणजे पेट्रोल कमी तर ऑइलही कमी. मशीन जोरात गातं, मालक खूश होतो, आणि थोड्या वेळात पिस्टन सीझ.

दुसरं पेट्रोल. ही गोष्ट आपल्याकडं फार जणांना माहीत नाही. देशात पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळून विकायचा पथदर्शी प्रयोग २००१ मध्ये झाला, त्यासाठी महाराष्ट्रातली दोन ठिकाणं निवडली होती, मनमाड आणि आपली मिरज! २००३ पासून ते नऊ राज्यांत लागू झालं. २०२२ मध्ये १० टक्के, २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत मजल गेली. कृष्णाकाठचा ऊस थेट टाकीत पोचला. त्यातून साखर कारखान्यांना चार पैसे मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही.

पण इथेनॉलच्या अंगात आधीच ऑक्सिजन असतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे पंपावरचं पेट्रोल बदललं आणि स्क्रू तोच ठेवला, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडल्यासारखंच होतं. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. वर्षभर टाकीत पडलेलं असं पेट्रोल तळाशी पाणी सोडतं, रबरी पडदा खराब होतो. नव्या गाडीत फ्युएल इंजेक्शनचा कॉम्प्युटर हे सांभाळून घेतो. कटरमध्ये बहुधा कॉम्प्युटर नसतो, तिथं माणूसच लागतो. अनेक कंपन्यांच्या माहितीपुस्तकात १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. ते पुस्तक कपाटात असतं.

तिसरा चालवणारा. वखारीतला पोरगा दिवसभर पूर्ण रेसवर कापतो, त्याचा कान तयार असतो. शेतकरी महिन्यातून एकदा बांधावरची बाभळ तोडतो. आपत्तीच्या पथकातला कर्मचारी वर्षातून दोनदा मशीन हातात घेतो, तेही रात्री, पावसात. काका म्हणतात, नवख्याचं मशीन थोडं पेट्रोल जास्त ठेवूनच द्यावं. धूर निघंल, पण इंजिन वाचंल. मोकळ्या पूर्ण रेसला आवाज जरा फडफडता हवा आणि लाकडात घातल्यावर तो स्वच्छ व्हायला हवा. आणि आयडलिंगला चेन फिरता कामा नये, नाहीतर मशीन लाकडाआधी पायच कापंल.

स्क्रूला हात लावायच्या आधी एअर फिल्टर साफ, पेट्रोल ताजं, चेन धारदार. निम्मी मशीन एवढ्यावरच सुधारतात म्हणे.

आता मुद्द्याचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर जवळपास गेलाच. आजच्या पोरांना तो शिकायचं कारण उरलं नाही. जे शिकलेले होते त्यांची गॅरेजं बंद होतायत. आणि नेमकी आपत्तीत लागणारी यंत्रं, म्हणजे कटर, छोटे पंप, बोटींची जुनी इंजिनं, अजून कार्बोरेटरवरच आहेत.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं आपण पाहिलंय. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या घरात पाऊस पडला, आणि त्याच रात्री पाटणच्या आंबेघर, मिरगावात डोंगर खाली आले. अशा रात्री अडकलेल्या माणसाचा जीव रस्त्यावरचं झाड किती लवकर निघतं यावर असतो.

दरवर्षी मे महिन्यात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. तालुक्यात कटर किती, बोटी किती, याचा तक्ता वाचला जातो. मी स्वतः कित्येक वर्षं तो तक्ता बातमीत जसाच्या तसा छापलाय. चूक माझीही आहे. आकडा विचारला, मशीन सुरू करून दाखवा असं कधी म्हटलं नाही.

यंदा म्हणणार आहे. प्रत्येक मशीन बाहेर काढा, ताजं पेट्रोल घाला, ज्याच्या हातात ते रात्री असणार त्याच्याच हातानं एक ओंडका कापून दाखवा. आणि एक दिवस काकांसारख्या माणसाला रीतसर मानधन देऊन पथकासमोर उभं करा. आयटीआयची पोरंही बोलवा.

तुमच्या गावात असा कान असलेला मेकॅनिक अजून आहे का? असेल तर या महिन्यात त्याच्याकडं एक चक्कर मारा. चहा मी पाजतो.