शेजाऱ्याची फांदी

शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या हद्दीत झुकली, तर ती कोणी तोडावी? १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेने, जी पुढे गोव्यातही लागू झाली, असे ठरविले की आधी मालकास विनंती करावी, तीन दिवस वाट पाहावी आणि मगच कोयता उचलावा; तोही हद्दीच्या रेषेपर्यंतच. इंग्लंडच्या उमरावसभेने १८९४ साली, परक्या जमिनीत पाऊल न टाकता फांदी तोडणाऱ्यास, विनंतीचेही बंधन ठेवले नाही. मला पोर्तुगीज रीत अधिक सभ्य वाटते.

पण फांदी आपणहून कोसळली तर? १९२६ साली निकाल लागलेल्या एका इंग्रजी खटल्यात, रस्त्यावर झुकलेल्या बीच वृक्षाची फांदी चांगल्या हवेत अकस्मात मोडून प्रवासी मोटारीवर पडली होती. आतील चीर काळजीपूर्वक पाहूनही दिसली नसती, म्हणून मालक सुटला. ती दिसण्याजोगी असती, तर त्याला ही सबब उरली नसती. मोटारवाल्याचे नुकसान मात्र त्याच्याच पदरी राहिले.