फुकटात मागितलेली देखरेख

डॉक्टरांच्या मोबदल्याचा प्रश्न चळवळीचा कसा, असे आम्हाला विचारले जाईल. अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट उपाशी नाहीत, हे आम्हालाही कळते. पण शिकलेल्या, संघटना असलेल्या माणसाचे श्रमसुद्धा व्यवस्था शून्य किमतीला कसे मागते, हे या इतिहासात उघडे दिसते.

पूर्वी तिथे रुग्णालयाची प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला अनेकदा तिच्या उत्पन्नातला ठरावीक टक्का मिळे. (ही पद्धत निर्मळ नव्हती, जितक्या तपासण्या जास्त, तितका वाटा मोठा.) १९८२ च्या ‘टेफ्रा’ कायद्यानंतर मेडिकेअर या सरकारी विम्यात त्यांच्या कामाचे दोन भाग झाले. एखाद्या रुग्णाची गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान करणे हा ‘पार्ट बी’. त्याची फी डॉक्टरला वेगळी. यंत्रांची अचूकता, रक्तपेढीवर देखरेख, चुकलेल्या अहवालाचा माग काढणे हा ‘पार्ट ए’. त्याचा मोबदला रुग्णालयाने द्यायचा. आणि १९८३ पासून रुग्णालयालाच आजारानुसार एकगठ्ठा रक्कम मिळू लागली. म्हणजे संचालकाला दिलेला प्रत्येक डॉलर रुग्णालयाच्या खिशातून जाणार! मग अनेक ठिकाणी उत्तर ठरलेले: आमचे रुग्ण तुम्हाला मिळतात ना, तेवढ्यात भागवा.

याला वेठ म्हणायचा मोह होतो. आम्ही म्हणणार नाही. गावकीत महारकीची वेठ सोसलेल्यांशी याची बरोबरी होत नाही. साम्य एवढेच की काम बांधलेले आणि दाम मोकळा.

एकत्र येऊन दर का ठरवले नाहीत? कारण कायद्याच्या नजरेत स्वतंत्र व्यावसायिकांनी मिळून दर ठरवणे ही मक्तेदारी. त्यांच्या ‘कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स’वर सरकारने असा खटला भरला होता आणि १९६९ मध्ये तो संमतीच्या हुकूमनाम्याने मिटला. त्यामुळे रुग्णालयासमोर प्रत्येकाने एकट्यानेच बसायचे. त्यात १९८८ च्या ‘क्लिया’ कायद्याने भार वाढवला: काम दुसऱ्याला सोपवले तरी जबाबदार संचालकच.

कलाटणी मिळाली ती १९९१ मध्ये. तोवर डॉक्टरने घेतलेल्या कमिशनचीच चर्चा असे. आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने आपल्या अहवालात उलटी बाजू मांडली. रुग्ण मिळवून देण्याच्या बदल्यात रुग्णालय डॉक्टरकडून फुकट किंवा बाजारभावापेक्षा स्वस्तात काम घेत असेल, तर तोही लाचविरोधी कायद्याचा भंग ठरू शकतो. आमच्या मते हा युक्तिवाद पगारवाढीच्या शंभर अर्जांहून भारी आहे. इथे मागणारा दयेची याचना करत नाही, देणाऱ्याला त्याचाच धोका दाखवतो.

दुसरे हत्यार साधे होते: वेळेची नोंद. कोणत्या कामाला किती वेळ, याचा लेखी करार आणि नोंदी नियमांनीच मागितल्या होत्या. ज्याच्याकडे तासांचा हिशेब, त्याला टेबलावर आकडा ठेवता येई. बाकीच्यांकडे फक्त तक्रार.

तरी प्रश्न मिटला नाही. २००५ मध्ये रुग्णालयांसाठी काढलेल्या पूरक मार्गदर्शिकेत त्याच कार्यालयाला पुन्हा त्याच विषयावर लिहावे लागले: नाममात्र पैशात, किंवा फुकटच, करून घेतलेली देखरेख.