संमती कोणाची, हित कोणाचे?

नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत स्वायत्तता, हितकारिता, न्याय या संकल्पना व्याख्यांच्या रूपाने भेटतात. व्याख्या पाठ होतात; पण या संकल्पना एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या म्हणजे काय घडते, हे इतिहासातच पाहावे लागते. मुंबई-पुण्यातील १८९७ चा प्लेग या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे निदान केले. त्यानंतर लवकरच वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. टोचून घेतलेल्यांत रोगाचे व मृत्यूचे प्रमाण कमी आढळले.

येथे 'स्वेच्छा' हा शब्द तपासून पाहिला पाहिजे. ज्याला साथीपासून पळून जाण्याची मुभा नाही, त्याच्या होकाराला संमती म्हणावे काय? परिस्थितीची सक्ती त्या होकारात निश्चितच होती. तरीही नकाराची वाट बंद नव्हती. कित्येकांनी तो दिलाही. लस न घेतलेले कैदी तेथे होते म्हणूनच तुलना शक्य झाली, आणि त्यांच्यापैकी काहींच्या मृत्यूने लसीची उपयुक्तता सिद्ध केली. ज्ञानाची ही किंमत कोणी मोजली, हा प्रश्न न्यायाचा आहे.

पुण्यात चित्र निराळे होते. फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारला व्यापक अधिकार दिले. रँडच्या अमलाखाली गोरे सैनिक घरोघर शिरून झडत्या घेऊ लागले, माणसे सक्तीने हलवली जाऊ लागली. हेतू लोकहिताचा होता, हे मान्य केले तरी ज्यांचे हित साधायचे त्यांना विचारण्याची गरज राज्यकर्त्यांना वाटली नाही. परिणामांवरून कृतीचे मोल ठरवणारा उपयुक्ततावाद येथे अडखळतो. कारण दुखावलेली प्रतिष्ठा आणि गमावलेला विश्वास हेही परिणामच असतात. लोक रुग्ण लपवू लागले. २२ जून रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

त्याच पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रुग्णाला हलवणे सैनिकही करीत होते, सावित्रीबाईही करीत होत्या. दोन कृतींतील अंतर केवळ हेतूचे नव्हते. जोखीम कोण पत्करतो, याचेही होते.

लसही निर्धोक नव्हती. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यातून मुक्त व्हायला १९०७ साल उजाडले. ज्ञान जेथे चुकू शकते, तेथे संमती हा निव्वळ शिष्टाचार राहत नाही.

मानवी प्रयोगांत स्वेच्छेची संमती अनिवार्य मानणारी न्यूरेंबर्ग संहिता १९४७ मध्ये आली. १८९७ चा कायदा मात्र २०२० च्या कोरोना साथीतही वापरला गेला. भायखळा आणि पुणे यांनी उभे केलेले प्रश्न त्यामुळे इतिहासजमा झाले, असे म्हणता येत नाही.