कायनेसिन सापडलं कसं? कंट्रोलने दिलेलं उत्तर

मायक्रोट्यूब्यूलवरून मोठं गाठोडं ओढत दोन पायांनी चालणारं कायनेसिन तुम्ही अ‍ॅनिमेशनमध्ये पाहिलं असेलच. ते सापडलं कसं, हे मात्र पाठ्यपुस्तक दोन ओळींत उरकतं. रिसर्चला येणार असाल तर ती गोष्ट नीट वाचा.

१९८३ साली रोनाल्ड वेल स्टॅनफर्डला पीएचडी करत होते. मायोसिन लावलेले मणी अ‍ॅक्टिनच्या तंतूंवरून सरकतात, हे मायकेल शीट्झ आणि जेम्स स्पुडिच यांनी तेव्हा नुकतंच दाखवलं होतं. मग चेतापेशीच्या अ‍ॅक्झॉनमधली वाहतूकही मायोसिनच करत असेल का? हे तपासायला वेल आणि शीट्झ वुड्स होलला गेले. तिथे स्क्विड मिळतो. त्याचा महाकाय अ‍ॅक्झॉन इतका जाड असतो की आतला अ‍ॅक्झोप्लाझम टूथपेस्टसारखा पिळून काढता येतो. शिवाय व्हिडिओ मायक्रोस्कोपीमुळे जेमतेम २५ नॅनोमीटर जाडीची मायक्रोट्यूब्यूलही पडद्यावर दिसू लागली होती.

ब्रूस श्नॅप आणि थॉमस रीस यांच्यासोबत काम करताना पहिला धक्का बसला: पुटिका ज्यावरून धावत होत्या ते अ‍ॅक्टिन नव्हतंच, मायक्रोट्यूब्यूल होती. म्हणजे मूळ हायपोथिसिस गेलं.

आता पुढची गंमत बघा. मोटर पुटिकांना चिकटलेली असणार, असा अंदाज होता. म्हणून कंट्रोल लावला: पुटिका नाहीत, फक्त मायक्रोट्यूब्यूल, एटीपी आणि अ‍ॅक्झोप्लाझमचा विरघळलेला भाग. इथे काहीच हलायला नको होतं. पण मायक्रोट्यूब्यूलच काचेवरून सरकायला लागल्या! याचा अर्थ मोटर विरघळलेल्या भागात होती, आणि ती काचेला चिकटून मायक्रोट्यूब्यूलला ढकलत होती.

मग हा कंट्रोलच अ‍ॅसे झाला. ज्या फ्रॅक्शनमुळे मायक्रोट्यूब्यूल सरकेल, त्यात मोटर. शुद्धीकरणासाठी रेमंड लासेक आणि स्कॉट ब्रेडी यांचं निरीक्षण कामी आलं: एएमपी-पीएनपी हा एटीपीचा न तुटणारा जुळा भाऊ टाकला की पुटिका मायक्रोट्यूब्यूलला घट्ट चिकटून थांबतात. तसंच मोटरला चिकटवायचं, बाकीचं धुऊन टाकायचं आणि एटीपी देऊन सोडवायचं. १९८५ मध्ये 'सेल'मध्ये पेपर आला. 'हालचाल करणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव ठेवलं कायनेसिन. त्याच वर्षी ब्रेडी यांनीही मेंदूतून असंच प्रोटीन वेगळं केल्याचं 'नेचर'मध्ये मांडलं. त्याचं एक पाऊल ८ नॅनोमीटरचं असतं, हे मोजायला १९९३ उजाडलं.

तेव्हा तुमच्या कंट्रोलमध्ये काही हललं, तर लगेच 'कंटॅमिनेशन' लिहून स्लाइड फेकू नका. आधी तोच कंट्रोल पुन्हा लावा, एटीपी काढून बघा, एकेक घटक वगळून बघा. हालचाल नेमकी कशाने थांबते, ते वहीत लिहा.