'वडिवळे'ची वेलांटी आणि मोजक्या लिनक्सचा इतिहास

१/ मावळातील वडिवळे हे नाव तेथील धरणामुळे अनेकांच्या परिचयाचे आहे. या धाग्यात पाहायची आहे ती त्या नावातील ऱ्हस्व वेलांटी. जुन्या संगणकावर लिनक्सची अगदी मोजकी मांडणी केली, तर हेच नाव पडद्यावर कधी कधी 'वडविळे' असे उमटते. टंकणाऱ्याने काहीही चुकवलेले नसते. मग हे का घडते? #धागा #इतिहास

२/ आरंभ १९८४ चा. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत युनिक्स यंत्रांसाठी 'एक्स विंडो सिस्टिम' आकारास येऊ लागली. साधन पुरवावे, धोरण लादू नये, हे तिच्या कर्त्यांचे सूत्र होते. पडद्यावर खिडकी काढण्याची सोय एक्सने करायची. तिची चौकट कशी असावी, ती कोठे बसावी, हे ठरवायला निराळा प्रोग्रॅम. त्यालाच 'विंडो मॅनेजर' म्हणतात.

३/ एक्सची अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ मध्ये आली. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स जाहीर केले आणि ही विभागणी त्याला आयती लाभली. म्हणूनच लिनक्सचा डेस्कटॉप सुट्या भागांनी जोडता येतो. केडीई (१९९६) आणि नोम (१९९७) यांनी सर्व भाग एकत्र बांधून दिले. काहींनी मात्र याच्या उलट वाट धरली.

४/ ब्लॅकबॉक्स (१९९७), ओपनबॉक्स (२००२), डीडब्ल्यूएम (२००६), आयथ्री (२००९) हे त्या वाटेवरील टप्पे. ओपनबॉक्स आणि आयथ्री यांची मांडणी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून बदलता येते. डीडब्ल्यूएममध्ये तर मूळ सोर्स कोडच बदलून तो पुन्हा कंपाइल करावा लागतो. अनावश्यक ते सारे गाळणे, हाच त्याचा बाणा.

५/ पण अनावश्यक काय, हे लिपीनुसार बदलते. रोमन अक्षरे एकापुढे एक ठेवली की शब्द तयार होतो. देवनागरीत संगणक उच्चाराच्या क्रमाने साठवण करतो: आधी 'ड', मग वेलांटी. दिसताना मात्र वेलांटी 'ड'च्या आधी यावी लागते.

६/ हा क्रम आपल्याकडेच ठरला. इन्स्क्रिप्ट कळपाटाचे प्रमाणीकरण १९८६ चे. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणाचे मोठे काम तेथे झाले. 'इस्की' हे भारतीय मानक १९९१ चे. त्याच वर्षीच्या युनिकोडने देवनागरीची रचना इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली.

७/ साठवलेल्या क्रमातून दृश्य रूप घडवण्याचे काम पँगो आणि हार्फबझ यांसारख्या लायब्ररी करतात. डीडब्ल्यूएमची पट्टी हा थर वापरतच नाही. अक्षरे साठवल्या क्रमाने मांडते. त्यामुळे वेलांटी पुढच्या 'व'ला चिकटल्यासारखी दिसते आणि 'वडविळे' तयार होते. 'कार्ले'मधील रफारही अक्षरावर न चढता 'र' पाय मोडून उभा राहतो.

८/ इतिहासाच्या अभ्यासकाला यात खरा धोका आहे. असाच थर गाळलेल्या टर्मिनलमध्ये कोणी गावांची यादी करत असेल आणि दिसलेली 'चूक' दुरुस्त करण्यासाठी वेलांटी एक घर मागे नेत असेल, तर त्याच्या पडद्यावर 'वडिवळे' शुद्ध दिसेल. इतर संगणकांवर मात्र तीच फाइल 'विडवळे' दाखवील. शोध घेणाऱ्याला गाव सापडणार नाही.

९/ उपाय त्याच सुट्या भागांत आहे. ओपनबॉक्स आणि आयथ्री मजकुरासाठी पँगो वापरतात. तेथे मराठी शीर्षके नीट उमटतात. रेड हॅटने २००४ मध्ये खुले केलेले 'लोहित' देवनागरी फॉन्ट आणि इन्स्क्रिप्ट कळपाट जोडला की २ जीबी मेमरीच्या जुन्या यंत्रावरही मराठी लेखन सुखाने होते. जड पडतो तो ब्राउझर. एका वेळी मोजकेच टॅब उघडावेत.

१०/ मोडी वाचकांसाठी आणखी एक थर. २०१४ च्या युनिकोड ७.० मध्ये मोडीला स्वतंत्र स्थान मिळाले आणि 'नोटो सान्स मोडी' हा मुक्त फॉन्टही उपलब्ध आहे. तो बसवला की मोडी आणि तिचे देवनागरी लिप्यंतर एकाच फाइलमध्ये शेजारी ठेवता येते.

११/ मोजकेपणा म्हणजे काय गाळावे याचा निर्णय, आणि तो आपल्या लिपीकडे पाहून आपणच घ्यायचा. नवी मांडणी केली की पट्टीवर, टर्मिनलमध्ये आणि संपादकात तीन शब्द टंकून पाहा: वडिवळे, कार्ले, दुसऱ्या. तिन्ही ठिकाणी ते नीट दिसले, तरच गाळलेले खरोखर अनावश्यक होते. (समाप्त)