मेमरी कोणत्या नोडवरून द्यायची? लिनक्समधील न्यूमा धोरणाचा प्रवास

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत २०२२ मध्ये 'परम प्रवेग' हा ३.३ पेटाफ्लॉप्स क्षमतेचा महासंगणक सुरू झाला. त्यातील एका साध्या यंत्रात दोन प्रोसेसर असतात आणि प्रत्येकाला स्वतःची मेमरी जोडलेली असते. जवळची मेमरी लवकर मिळते, दुसऱ्याची उशिरा. या रचनेला न्यूमा म्हणतात. येथे नोड म्हणजे प्रोसेसर व त्याची मेमरी. क्लस्टरमधल्या अख्ख्या यंत्रालाही नोडच म्हणतात. गल्लत करू नका.

२००३ मध्ये एएमडीच्या ऑप्टेरॉनमध्ये मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत गेला आणि दोन प्रोसेसरचा साधा सर्व्हरही न्यूमा झाला. २००४ मध्ये लिनक्स २.६.७ मध्ये आंडी क्लीन यांचे काम दाखल झाले. प्रोग्रामला आता धोरण निवडता येऊ लागले: एका नोडला पसंती द्या (प्रिफर्ड), ठरावीक नोडांबाहेर जाऊ नका (बाइंड), किंवा पाने आळीपाळीने वाटा (इंटरलीव्ह).

काहीच निवडले नाही तर? 'मॅलॉक'ने मोठा ॲरे मागितला की आधी फक्त पत्ते मिळतात. पानावर जो थ्रेड प्रथम लिहितो, त्याच्या नोडवरून खरी मेमरी मिळते. म्हणून तुम्ही एकाच थ्रेडने सगळा ॲरे शून्य केला, तर सगळी पाने एकाच नोडवर जातात. मग अर्धे थ्रेड दूरची मेमरी वाचत बसतात आणि रांगेत थांबून मिळालेला महासंगणकाचा वेळ वाया जातो.

२०१३ च्या ३.८ आवृत्तीपासून कर्नल स्वतःच पाहू लागला, की पान कोण वापरतो, आणि पान त्याच्याकडे हलवू लागला. पण हलवण्यालाही खर्च आहेच.

पुढे एक प्रश्न उरला. अनेक नोडांना परवानगी असेल, तर सुरुवात कोठून? कर्नल थ्रेड चालू असलेल्या नोडपासून जवळचा नोड शोधी. थ्रेड हलला की सुरुवातही हले. २०२२ च्या ५.१७ आवृत्तीत आयबीएमच्या अनीश कुमार यांनी 'होम नोड' ठरवण्याची सिस्टिम कॉल आणली. आधी होम नोड, तो भरला की त्याच्या जवळचा.

स्वाध्याय: तुमच्या प्रोग्राममध्ये ॲरेला पहिला स्पर्श कोणता थ्रेड करतो? ते लूप समांतर करा आणि वेळ पुन्हा मोजा.